दोन मणी

मराठी माणसाला एकाच जगावर भागवणे कधी जमलेले नाही. त्याला एक जग राहायला लागते आणि दुसरे 'जर' म्हणून लागते. आमच्या हिंगोलीत संध्याकाळी चहाच्या टपरीवर चार डोकी जमली, की दुसरा कप येईपर्यंत पानिपत पुन्हा एकदा लढून होते. 14 जानेवारी 1761 ला भाऊसाहेबांना जे साधले नाही, ते आमच्याकडचे निवृत्त तलाठी बसल्या बाकावरून साधतात. 'विश्वासरावांना गोळी लागली नसती तर' इथून सुरुवात होते आणि बशी खाली ठेवेपर्यंत मराठे पुन्हा अटकेपार पोचलेले असतात. चहाचे पैसे मात्र याच जगात द्यावे लागतात. ते बहुधा मी देतो.

आमच्या या बाकाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली जयंत नारळीकरांनी. 2025 च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा मी त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा पुन्हा काढून वाचली. गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे प्राध्यापक. 999 सभांचे अध्यक्षपद भूषवलेले. हजारावे भाषण पानिपतावर व्हायचे, तोच ट्रकची धडक बसते आणि ते भलत्याच जगात जाऊन पडतात. तिथे ती गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून नुसतीच गेलेली असते आणि लढाई मराठ्यांनी जिंकलेली असते. त्या जगात आझाद मैदानावर एक सभा चाललेली दिसते आणि व्यासपीठावर खुर्ची रिकामी दिसते. खुर्ची रिकामी पाहून जो प्राध्यापक बसणार नाही तो कसला प्राध्यापक! पंत बसतात, आणि लोक त्यांना अंडी-टोमॅटो मारून हाकलतात. कारण त्या जगाने अध्यक्ष ही गोष्टच मोडीत काढलेली असते. खरे सांगतो, पानिपत जिंकल्याचा मला तितका हेवा वाटला नाही. अध्यक्षांशिवाय सभा! त्यासाठी मी ट्रकखालीसुद्धा जाईन.

या कल्पनेला भौतिकशास्त्रात आधार आहे. ह्यू एव्हरेट नावाच्या अमेरिकन तरुणाने 1957 साली मांडले, की अणूच्या दुनियेत जिथे जिथे फाटा फुटतो तिथे सगळेच फाटे खरे. आपण एकावर असतो, एवढेच. आम्ही 'जर' म्हणतो त्याला त्याने समीकरण लावले.

आता या बाबतीत मला जपानी माणसाचे कौतुक वाटते. त्याने याच कल्पनेचा संगणकावरचा खेळ केला. 'यू-नो' त्याचे नाव. पुढे शेपूट आहे, त्याचा अर्थ साधारण 'या जगाच्या कडेवर प्रेमाचे गाणे गाणारी मुलगी' असा होतो. 1996 च्या डिसेंबरात तो निघाला. कर्ता हिरोयुकी कान्नो 2011 मध्ये वारला. 2017 मध्ये खेळाची नवी आवृत्ती निघाली आणि 2019 मध्ये ती इंग्रजीत आली. ती माझ्या भाच्याने एकदा पुरी केलेली होती. तरी दिवाळीत तो पुण्याहून आला तो लॅपटॉप मांडून पुन्हा तेच घेऊन बसला. पन्नाशीचा माणूस, पोटामुळे लॅपटॉप गुडघ्यांपर्यंत सरकलेला.

"अरे, पुरा झालेला खेळ पुन्हा कशाला?" मी विचारले.

"मामा, तुम्ही 'मृत्युंजय' कितीदा वाचलंत?"

मी गप्प बसलो. शिवाय पाहतो तर खेळात धावाधाव काहीच नाही. चित्र येते, खाली मजकूर येतो, तो वाचायचा आणि मधूनमधून ठरवायचे, इकडे जायचे की तिकडे. म्हणजे मूल वाचत नाही म्हणून ज्याच्या नावाने आयुष्यभर बोटे मोडली, तो रात्री दोनपर्यंत वाचत होता! मूळ खेळ फक्त प्रौढांसाठी होता. एकदोन चित्रे आली तेव्हा भाच्याने इतक्या घाईने पुढे सरकवली, की प्रौढ कोण आणि मामा कोण हे मलाच कळेना.

गोष्ट अशी. ताकुया नावाच्या मुलाचे वडील मेले असे सगळे धरून चाललेले. त्यांच्याकडून एक पुडके येते. वडीलही इतिहाससंशोधक. (समांतर जगात जायला इतिहासवाल्यांनाच का निवडतात कोण जाणे. भूगोलवाले निदान रस्ता तरी चुकले नसते.) पुडक्यात एक यंत्र, त्यात बसवायचे मणी. फाट्यावर आलात की एक मणी तिथे ठेवायचा. पुढे वाट बंद झाली, की त्या मण्यापाशी परत यायचे आणि दुसरी वाट धरायची. एका जगात मिळालेली वस्तू दुसऱ्या जगात नेता येते. किंबहुना ती नेल्याशिवाय तिथले कुलूप उघडतच नाही. सगळ्या फाट्यांचा नकाशा झाडासारखा पडद्यावर पसरत जातो. आणि मणी मोजके. काळ मागे फिरवता येतो, इतिहास नाही, अशी त्या खेळाची भूमिका.

हे मी टपरीवर सांगितले. मंडळींनी विश्वासरावांना तत्काळ टाकले आणि स्वतःचे मणी काढले. हिंगोली परभणीतून वेगळी निघून जिल्हा झाली 1 मे 1999 ला. चौघांपैकी तिघांनी आपला मणी 30 एप्रिलला ठेवला. बसस्टँडपासून पुढे रस्त्याला लागून चार-चार प्लॉट घ्यायचे! अनंत विश्वे हाती आली, तरी आमचा माणूस त्यात सातबारा शोधतो.

तलाठी म्हणाले, "आणि ते दुधाळ्याचं?" औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वलहरी पकडण्याची वेधशाळा, लायगो, व्हायची आहे. 2023 च्या एप्रिलात केंद्राने तिला 2600 कोटी मंजूर केले. नारळीकरांनी उभी केलेली पुण्याची 'आयुका' त्या कामात आहे. तिथे लेसरचा एक किरण फोडून काटकोनात दोन वाटांना लावायचा, चार-चार किलोमीटर. आरशांवरून दोन्ही परत आणायचे आणि जुळवायचे. म्हणजे प्रकाशाला दोन्ही वाटा चालून घरी परत येण्याची मुभा आहे, तीही आमच्याच जिल्ह्यात. तलाठ्यांचा प्रश्न मात्र दुधाळ्याच्या जमिनीच्या भावाबद्दल होता.

इथपर्यंत सगळे गमतीचे चालले होते. भाऊबीजेला भाच्याने तो प्रश्न आपल्या आईला, म्हणजे आमच्या अक्काला विचारला.

अक्का 1962 साली मॅट्रिक झाली. गणितात शंभरापैकी एक्याण्णव. तेव्हा हिंगोलीच्या पोरीने कॉलेजला जायचे तर पूर्णेला गाडी बदलून नांदेडला, पीपल्स कॉलेजात. फॉर्म आणला होता, भरलाही होता. आप्पा 'नाही' म्हणाले. का, ते सांगितले नाही. तेव्हा कारण सांगण्याची पद्धत नव्हती. वर्षभरात वसमतला लग्न झाले. दाजी माणूस सज्जन. चार मुले, सगळी शिकली. नातवंडांची बीजगणिते अजून तीच सोडवते.

"आई, तुझ्याकडं एक मणी असता तर कुठं ठेवला असतास?" असे विचारून झाल्यावर त्याच्या लक्षात आले, की आपण काय विचारले. तिने फॉर्मच्या दिवशी ठेवला, तर नांदेडची गाडी सुटते, वसमतचे लग्न होत नाही आणि प्रश्न विचारणारा लॅपटॉपसकट नाहीसा होतो. त्याने करंजी खाली ठेवली.

तेवढ्यात आमच्या एका चुलतभावाने नेहमीचे वाक्य टाकले. "जे झालं ते बऱ्यासाठीच झालं. नाहीतर ही सोन्यासारखी लेकरं कुठून आली असती?"

हे वाक्य मी साठ वर्षे ऐकतो आहे आणि मला ते कधी पटलेले नाही. लेकरे सोन्यासारखी आहेत, कबूल. पण म्हणून आप्पांचा 'नाही' बरोबर कसा ठरतो? ते काही लेकरांकडे पाहून 'नाही' म्हणाले नव्हते. लेकरे अक्काने वाढवली, त्याचे श्रेय त्या नकाराच्या खात्यावर का म्हणून? खिसा कापणाऱ्याने 'बघा, या निमित्ताने तुम्ही काटकसर शिकलात' असे म्हणावे, त्यातलाच हा प्रकार. सोसणाऱ्याने स्वतः तसे म्हटले तर गोष्ट वेगळी. तो त्याचा मोठेपणा. सोसायला लावणाऱ्याच्या घरच्यांनी म्हणू नये. आणि उलट बाजूनेही पेच आहेच. पदरी आलेल्या माणसांवर जीव आहे, म्हणून तक्रार करण्याचा हक्क जातो, असे धरले तर जगात कोणत्याच आईला कसलीच तक्रार करता येणार नाही. पुष्कळांना नेमके तेच हवे असते.

मी हे सगळे बोललो नाही. भाचाच सावरत म्हणाला, "आई, तू शिकली असतीस तर जगच फिरलं असतं."

"औंढ्याचं देऊळ फिरलंच की," अक्का म्हणाली. नर्सी आमची जवळच. नामदेवांना कीर्तनाला समोरून उठवून मागे धाडले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. "देऊळ फिरलं. पण नामदेवाला मागं जावं लागलंच ना? ते कुठं पुसलं?"

कुणी काही बोलले नाही.

"मणी मी फॉर्मच्याच दिवशी ठेवीन," ती म्हणाली. "जाईन, आप्पांसमोर उभी राहीन आणि विचारीन, कामून नाही म्हणलात? एवढं ऐकलं की झालं. मग येते परत. घरी रांधायचं कोण?"

"आई, परत यायचं तर इथंही एक मणी ठेवावा लागतो."

"मग दोन दे," अक्का म्हणाली. "आणि ती करंजी संपव. उष्टी टाकू नको."