तेवीस वर्षे उशिराची मृत्युवार्ता

१६ ऑगस्ट १९५६ रोजी लॉस एंजेलिस येथे बेला लुगोसी नावाचा त्र्याहत्तर वर्षांचा एक हंगेरियन नट निवर्तला, आणि त्यानंतर तेवीस वर्षांनी, १९७९ च्या ऑगस्टात, पादत्राणांच्या धंद्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेल्या नॉर्थॅम्प्टन या इंग्लिश गावातील चार तरुणांनी तीच वार्ता एका तबकडीवर नव्याने जाहीर केली. ‘बेला लुगोसीज डेड’ एवढेच त्या गीताचे नाव. ज्या इसमाच्या मृत्यूची नोंद केव्हाच दफ्तरी दाखल झाली आहे, त्याच्या मरणाची द्वाही इतक्या वर्षांनी पुन्हा फिरवण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न ते गीत प्रथम ऐकले तेव्हापासून माझ्या मनात घर करून राहिला आहे. ‘गॉथिक’ या नावाने जे संगीत पुढे प्रसिद्धी पावले त्याचा उगम बहुतेक जाणकार याच तबकडीत शोधतात, आणि ते संगीत भयाचे आहे असे सर्रास समजले जाते. माझे मत निराळे आहे. भय हा त्याचा पेहराव होय. आत नांदतो तो शोक, आणि तोही मुखवट्याखाली गुदमरलेल्या माणसाविषयीचा शोक.

पीटर मर्फी, डॅनियल ॲश आणि डेव्हिड जे व केव्हिन हॅस्किन्स हे दोघे सख्खे भाऊ, असे हे चौघे १९७८ च्या अखेरीस एकत्र आले. मर्फी हा ॲशचा शाळूसोबती. त्याने तोवर कोणत्याही संचात गायन केलेले नव्हते. संच जमून जेमतेम सहा आठवडे झाले असतील नसतील, तोच २६ जानेवारी १९७९ रोजी शेजारच्या वेलिंगबरो गावातील बेक स्टुडिओत त्यांनी पाच गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यांतलेच हे एक. साडेनऊ मिनिटांहून अधिक लांबीचे गीत नभोवाणीवर कोण वाजवणार, असा व्यवहारी हिशेब कोणीही घातला असता. लंडनमधील वॉल्थमस्टो येथील ‘स्मॉल वंडर’ या लहानशा प्रकाशनसंस्थेने तो घातला नाही, हे संगीताच्या इतिहासावर तिचे ऋणच म्हटले पाहिजे.

ते गीत एकवार निवांत, दिवे मालवून ऐकावे. आरंभी काही वेळ केवळ ड्रमच्या कडेवर पडणाऱ्या काठीचा टकटक आवाज येतो. ठेका ब्राझीलच्या बोसा नोव्हा नृत्यसंगीताकडून उसना आणलेला, म्हणजे मुळात समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रसन्न संध्याकाळचा, परंतु येथे त्याच्यातील सारे ऊन जणू शोषून घेतले आहे. मग बास गिटारचे मंद्र स्वर एकेक पायरी उतरत जातात, तळघराचा जिना कोणी सावकाश उतरत असावे तसे. ॲशची गिटार सूर म्हणून वाजतच नाही. प्रतिध्वनियंत्रातून गाळून आलेले तिचे करकरणे, खरवडणे आणि फडफडणे तेवढे कानी पडते. जवळजवळ तीन मिनिटे लोटली तरी गायकाचा पत्ता नसतो. इतका वेळ रिकामी ठेवलेली रंगभूमी प्रेक्षकाच्या मनाचे काय करते हे ज्याने नाट्यगृहात पडदा उघडल्यावर पात्राची वाट पाहिली आहे त्यास सांगावयास नको. आवाज जितका कमी तितकी कल्पनेला मोकळीक अधिक, हा धडा या मुलांनी जमैकाच्या ‘डब’ संगीतापासून घेतला होता. त्या प्रकारात तयार गाण्यातून गायन व इतर वाद्ये वजा करीत जातात, बास व ड्रम तेवढे शिल्लक ठेवतात आणि वजा केलेल्याची आठवण म्हणून अधूनमधून एखादा प्रतिध्वनी सोडून देतात. गाण्याचे भूत म्हणावे ते हेच. उन्हातल्या एका बेटावर सिद्ध झालेली ही वजाबाकीची कला इंग्लंडातील धुक्याच्या मुलुखात येऊन भयाची वाहक झाली, आणि तिला त्या वाटेने नेण्याचे श्रेय निःसंशय या चौघांचे आहे.

संचाचे नावही या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. वॉल्टर ग्रोपियस याने १९१९ साली जर्मनीतील वायमार येथे स्थापन केलेल्या ‘बाउहाउस’ या कलाविद्यालयावरून ते घेतले होते. प्रथम तर ‘बाउहाउस १९१९’ असे सालासकट घेतले, पुढे साल गळाले. ऑस्कर श्लेमर याने त्या विद्यालयासाठी रेखाटलेली चेहऱ्याची भौमितिक मुद्राही त्यांनी आपलीशी केली. आता, ज्या विद्यालयाचे नाव अनावश्यक अलंकरणाच्या त्यागाशी कायमचे जोडले गेले, त्याचे नाव धारण करणाऱ्यांच्या मागून काळ्या मखमलीचा, चांदीच्या क्रुसांचा, काजळ रेखलेल्या डोळ्यांचा एवढा मोठा संप्रदाय उभा राहावा, हे पुष्कळांना विसंगत वाटते. मला त्या गीतात विसंगती आढळत नाही. त्यात एकही स्वर शोभेसाठी नाही. खांब, कमान आणि मधला अंधार एवढ्यावरच ती इमारत तोललेली आहे. मखमल नंतरच्यांनी चढवली.

भरताने नाट्यशास्त्रात चार मूळ रस मानून बाकीचे चार त्यांपासून उपजतात असे म्हटले आहे, आणि त्या व्यवस्थेत भयानकाची उत्पत्ती बीभत्सापासून सांगितली आहे. पाश्चात्त्य भयपटांचा व भयकथांचा बराच मोठा भाग या सूत्राची साक्ष देईल. रक्त, मांस, कुजणे यांच्या किळसेतूनच तेथे थरकाप उपजतो. हॉरेस वॉलपोलच्या १७६४ च्या ‘कॅसल ऑफ ओट्रँटो’पासून, ज्याच्या दुसऱ्या आवृत्तीने ‘गॉथिक’ हा शब्द कथेला चिकटवला, या परंपरेत ओसाड वाडे आणि जुनी पापे यांची रेलचेल आहे. परंतु बाउहाउसच्या या गीतात बीभत्साचा लवलेश नाही. येथे भयानक उपजतो तो करुणापासून, आणि भरताच्या कोष्टकात न बसणारी ही उत्पत्ती ज्याच्यामुळे शक्य झाली तो लुगोसी कोण होता हे पाहणे अवश्य आहे.

तेव्हाच्या हंगेरीतील आणि आजच्या रुमानियातील लुगोस गावी १८८२ साली जन्मलेल्या या नटाने बुडापेस्टच्या राष्ट्रीय रंगभूमीवर शेक्सपिअरच्या नाटकांत कामे केली होती. अमेरिकेत आल्यावर १९२७ साली ब्रॉडवेवर आणि १९३१ साली टॉड ब्राउनिंगच्या चित्रपटात त्याने ड्रॅक्युला साकारला. त्या चित्रपटाला पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. लुगोसीचे परक्या वळणाचे, शब्दाशब्दाला थबकणारे इंग्रजी तेवढे त्या निःशब्दतेत घुमते. ज्या उच्चारांनी त्याला कीर्ती दिली, त्याच उच्चारांनी इतर भूमिकांची दारे त्याला बंद केली. उत्तरायुष्यात तो मॉर्फीनच्या आहारी गेला. १९५५ साली आपण होऊन रुग्णालयात दाखल झाला. आणि वर्षभराने मरण पावला तेव्हा कुटुंबीयांनी त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच दफन केले. पिशाच अमर, नट मर्त्य. आणि मर्त्य देहावर शेवटचे वस्त्र पडले तेही पिशाचाचेच. डेव्हिड जे याने शब्द लिहिले ते या नटावर. गीतात मरणाची वार्ता दिली जाते आणि लगोलग ती परत घेतली जाते, याचे मर्म एवढेच की भूमिका मरू शकत नाही, म्हणून नटाचे मरणही कोणी पुरते मान्य करीत नाही. तेवीस वर्षांनी द्वाही फिरवावी लागली ती याचसाठी.

संचाची पुढची हकिकत अल्पकाळाची आहे. १९८० ते १९८३ या चार वर्षांत चार ध्वनिमुद्रिका-संग्रह निघाले. त्यांपैकी ‘मास्क’ मला सर्वांत जवळचा वाटतो. १९८२ साली डेव्हिड बोवीच्या ‘झिगी स्टारडस्ट’ या गीताची त्यांनी केलेली आवृत्ती ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत पंधराव्या क्रमांकास पोहोचली. टोनी स्कॉटच्या ‘द हंगर’ या चित्रपटाचा आरंभ त्यांच्या त्या पहिल्याच गीताने होतो, तथापि पडद्यावर दिसतो तो मुख्यतः जाळीआडचा मर्फी. उरलेले तिघे अंधारात. चौघांतील तेढ काय होती याची वेगळी फिर्याद मांडण्याचे कारण उरू नये इतके ते दृश्य बोलके आहे. मर्फी न्यूमोनियाने अंथरुणास खिळला असता इतरांनी चौथ्या संग्रहाचे बरेचसे काम उरकले, काही गाणी स्वतः गायिली, आणि ५ जुलै १९८३ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ पॅले येथील कार्यक्रमानंतर संच मोडला.

‘गॉथ’ हे बिरुद या मंडळींनी कधी मनापासून स्वीकारले नाही. त्यांना नाटक, चित्रकला, जमैकाचा ठेका, बोवी असे पुष्कळ काही हवे होते. लोकांना मात्र झगा हवा होता. विशीच्या उंबरठ्यावर एका दिवसात मुद्रित केलेले गीत पुढेही पुन्हापुन्हा त्यांच्याकडे मागितले गेले, आणि त्यांनी ते वाजवले.

२००५ साली संच पुन्हा जुळून कॅलिफोर्नियाच्या कोचेला महोत्सवात उतरला. काठीचा तोच टकटक आवाज सुरू झाला, बास पायऱ्या उतरू लागली, आणि सत्तेचाळीस वर्षांचा पीटर मर्फी पाय वर व डोके खाली अशा स्थितीत, वटवाघळासारखा, रंगमंचाच्या वर टांगलेला दिसला. तसाच लोंबकळत तो ते गीत गायिला.