तिऱ्हाईताचा रंग

बँकेत उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाला 'तिऱ्हाईत' हा शब्द ऐकला की जरा सावरून बसावंसं वाटतं. खातेदार आपला, बँक आपली. मग हा मधला कोण? हल्ली हा तिऱ्हाईत आमच्या मालगुंडातही कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर येऊन बसतो. कॉम्प्युटर आपला, विंडोज मायक्रोसॉफ्टची, आणि स्क्रीन नटवणारा प्रोग्रॅम तिसऱ्याच कुणाचा! कुणी घड्याळं टांगतो, कुणी चिन्हांना नवे कपडे चढवतो. आता सांगा, सामान्य माणसाला याची गरज आहे का?

कॉमर्सच्या माणसाला विचाराल तर नाही. अक्षरं मोठी करा, मागचा रंग काळा करा, भिंग फिरवा. सगळं विंडोजमध्ये घरचंच आहे. अंगणात विहीर असताना शेजाऱ्याकडे कळशी घेऊन कशाला जायचं?

पण विहीर खणली कधी, हेही बघायला हवं. रात्री स्क्रीन पिवळसर करण्याची युक्ती २००९ च्या सुमारास 'एफ.लक्स' नावाच्या तिऱ्हाईताने आणली. विंडोजला ती घरची म्हणून सुचली २०१७ साली. आपली मराठीच घ्या. विंडोज २००० मध्ये 'मंगल' हा फाँट आला, त्याआधी देवनागरीसाठी तिऱ्हाईताचेच पाय धरावे लागत. समोरच्याकडे तोच फाँट नसला, की लग्नपत्रिकेची जन्मपत्रिकाही होत नसे, नुसती खिचडी होई!

शिवाय 'सामान्य माणूस' म्हणजे नक्की कोण? एका खात्यात दहा रुपये आणि दुसऱ्यात एक लाख असले, की सरासरी निघते पन्नास हजार पाच. तेवढे पैसे दोघांपैकी एकाकडेही नसतात! दृष्टी नसलेल्या माणसाला स्क्रीन वाचून दाखवणारा 'एनव्हीडीए' हा तिऱ्हाईतच. २००६ साली एका दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने तो सुरू केला आणि फुकट वाटला. त्या माणसाला 'तुला याची गरज नाही' असं सांगणारे आपण कोण?

आणि निव्वळ हौस असली तरी काय बिघडलं? १८६६ साली आमच्या मालगुंडात जन्मलेल्या केशवसुतांनी चौदा ओळींचा परका साचा मराठीत आणला. ओवी-अभंग घरात असताना त्याची 'गरज' कुठल्या सरासरी वाचकाला होती? पण सुनीत आलं, आणि मराठीचं घर एका खोलीने वाढलं.

तेव्हा माझं मत असं : गरज किती ते ज्याचं त्याने ठरवावं, विश्वास किती टाकायचा ते मात्र सगळ्यांनीच ठरवावं. स्क्रीन रंगवायला घेतलेल्या प्रोग्रॅमला त्या स्क्रीनवरचं तुमचं पासबुकही दिसू शकतं. म्हणून आधी घरातलं शोधावं. नाही सापडलं, तर तिऱ्हाईताला बोलवावं; पण तो कुणाचा कोण, ते विचारून. ओटीवर बसवावं, पाणी-गूळ द्यावा, माजघरात मात्र नेऊ नये.

आम्ही बँकवाले खुद्द तुमची केवायसी दर काही वर्षांनी पुन्हा मागतो. तुम्ही त्याची एकदा तरी मागा!