अनादी भय आणि त्याची पूर्वकथा

एखाद्या विज्ञानभयपटाने प्रेक्षकांच्या मनात घर केले की काही वर्षांनी त्याचे निर्माते मूळ कथेच्या आधी काय घडले ते सांगायला निघतात, आणि अशा चित्रपटाला प्रीक्वेल, म्हणजे पूर्वकथेचा चित्रपट, असे म्हणतात. मूळ चित्रपटावर जीव असलेला प्रेक्षक या घोषणेने एकाच वेळी हरखतो आणि धास्तावतो. पडद्यावर अंधारात जे दिसले ते कुठून आले हे अखेर कळेल ही त्याची आशा असते, तर ते कळल्यावर त्याची भीती वाटेनाशी होईल ही त्याची धास्ती असते. वरवर पाहता हा चाहत्यांच्या आवडीनिवडीचा मामला वाटतो. परंतु त्याच्या तळाशी असलेला प्रश्न धर्मविचाराइतका जुना आहे. दुष्टतेला आरंभ असतो काय, आणि तो आरंभ ठाऊक झाल्याने माणूस तिच्यापासून सुटतो काय, हा तो प्रश्न होय. ज्या नगरीचे नाव लोकपरंपरेने एका असुराशी जोडले आहे, त्या कोल्हापुरात या प्रश्नाचा विचार करायला पडद्याबाहेरही भरपूर सामग्री आहे.

या प्रश्नाचे आधुनिक उदाहरण म्हणून रिडली स्कॉट यांच्या 'एलियन' (1979) या चित्रपटाकडे पाहता येते. त्यात एका निर्जन ग्रहगोलावर पडलेल्या परक्या यानात अंतराळवीरांना आसनाशी एकजीव झालेला एक महाकाय मृत चालक सापडतो. त्याचे शरीर जीवाश्म झाल्यासारखे दिसते आणि त्याच्या फासळ्या आतून बाहेर फुटलेल्या असतात. तो कोण, कोठून आला, त्याच्या छातीतून काय बाहेर पडले, याचे उत्तर चित्रपट देत नाही, आणि त्या न दिलेल्या उत्तरातूनच माणसापूर्वीच्या एका अफाट काळाची जाणीव प्रेक्षकाच्या अंगावर येते. तेहेतीस वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने 'प्रोमिथियस' (2012) मध्ये उत्तर दिले की तो चालक मानवसदृश 'अभियंत्यां'पैकी एक असून, जो सांगाडा वाटला तो त्याचा पोशाख होता. त्यापुढच्या 'एलियन : कव्हेनंट' (2017) मध्ये त्या भीषण प्राण्याला घडवण्याचा उद्योग माणसाने बनवलेल्या डेव्हिड नावाच्या यंत्रमानवाच्या हाती दिला गेला. कथेतल्या कालगणनेनुसार हा उद्योग 2104 साली चालतो आणि मूळ चित्रपटाची कथा 2122 साली घडते. ज्या भयाला युगांचे वय होते ते अशा रीतीने जेमतेम अठरा वर्षांचे झाले. पुष्कळ चाहत्यांना जी हळहळ वाटली तिला केवळ हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल, कारण भयाचा पल्लाच तोडला गेला होता.

हा पल्ला तुटल्याने नेमके काय बिघडते, हे समजून घ्यायला भारतीय साहित्यशास्त्राची मदत होते. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक हा एक स्वतंत्र रस मानला असून भय हा त्याचा स्थायीभाव, म्हणजे मनात मुळातच वसणारी वृत्ती, सांगितला आहे. इसवी सन 1000 च्या सुमारास काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने या ग्रंथावरील टीकेत रसाचा अनुभव उलगडताना 'शाकुंतला'तील, दुष्यंताच्या बाणाला भिऊन पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले. त्याच्या विवेचनाचा आशय असा की प्रेक्षकाला जाणवणारे भय त्या हरिणाचे राहत नाही आणि प्रेक्षकाचे स्वतःचेही होत नाही. ते अमुक स्थळाचे, अमुक काळाचे किंवा अमुक व्यक्तीचे नसलेले निखळ भय असते. स्थळकाळाच्या बंधनातून भाव असा मोकळा होण्याला साधारणीकरण म्हणतात. ही उपपत्ती मान्य केली, तर भयपटाच्या पूर्वकथेत एक अंगभूत धोका दिसतो: जे भय स्थळकाळातून सुटले म्हणून रस झाले होते, त्याला ती पुन्हा जन्मतारीख आणि जन्मस्थान चिकटवते. मग कुतूहल शमते आणि रस ओसरतो.

धर्मचिंतनाने याच अडचणीचा सामना वेगळ्या अंगाने केला आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात (2.1.34–35) असा आक्षेप उभा केला आहे की जगात एकाच्या वाट्याला सुख आणि दुसऱ्याच्या वाट्याला दुःख येते, त्या अर्थी जग निर्माण करणारा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो. ईश्वर जीवांच्या कर्माला अनुसरून फळ देतो, असे उत्तर दिल्यावर प्रतिपक्ष लगेच विचारतो की अगदी पहिल्या सृष्टीपूर्वी कर्म कुठून आले. त्यावर सूत्रकारांचे उत्तर असे की संसार अनादी आहे, त्याला पहिला क्षणच नाही. शंकराचार्य आपल्या भाष्यात त्यासाठी बीज आणि अंकुर यांचा दृष्टान्त देतात. कारणाचे कारण विचारत कुठेच न थांबण्याच्या दोषाला तर्कशास्त्रात अनवस्था म्हणतात, आणि 'प्रोमिथियस'ची कथा नेमकी याच दोषात सापडते. माणसाला अभियंत्यांनी घडवले असेल तर अभियंत्यांना कोणी घडवले, हा प्रश्न पुढच्याच क्षणी उभा राहतो. त्याच चित्रपटात, माणसांनी आपल्याला का बनवले असे डेव्हिड एका शास्त्रज्ञाला विचारतो, आणि बनवता येत होते म्हणून बनवले असे ऐकल्यावर तो त्याला सुचवतो की हेच उत्तर तुम्हाला तुमच्या निर्मात्याकडून मिळाले तर किती निराशा होईल. साऱ्या चित्रपटात खरा विचार कुठे असेल तर तो या छोट्याशा संवादात आहे. पटकथेने तो धागा शेवटपर्यंत धरून ठेवला नाही, याचे वाईट वाटते.

कोल्हापूर-सांगली परिसरात ज्या परंपरेची मुळे खोल आहेत त्या जैन दर्शनाने या बाबतीत आणखी एक पाऊल टाकले आहे. आत्मा आणि कर्म यांचा संबंध अनादी आहे, परंतु मुक्तीची योग्यता असलेल्या जीवाच्या बाबतीत त्याला अंत आहे, असे हे दर्शन मानते, आणि खाणीतून निघालेल्या दगडात मुळापासून मिसळलेले सोने जसे अग्नीने वेगळे करता येते तसे हे घडते असे समजावते. दगड आणि सोने यांची गाठ पहिल्यांदा केव्हा पडली हे सोनाराला ठाऊक असावे लागत नाही. दुष्टतेचा आरंभ सापडला म्हणजे तिच्या अंताची किल्लीही सापडेल, अशी समजूत आधुनिक पूर्वकथापटांच्या मुळाशी असते. आरंभाचा पत्ता नसतानाही अंत शक्य असतो, हा जैन विचार तिला थेट छेद देतो.

तथापि भारतीय परंपरेने पूर्वकथा टाळल्या असे मुळीच नाही. त्यांची तर तिला हौसच आहे. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात रावणाचे कुळ, त्याचे तप आणि त्याचे वर यांची हकीकत अगस्त्य ऋषी रामाला सांगतात, आणि तीही रावणवध होऊन गेल्यावर, अयोध्येच्या सभेत. हे कांड नंतरची भर आहे असे बहुतेक संशोधकांचे मत आहे, म्हणजे मूळ कथा गाजल्यावर श्रोत्यांच्या जिज्ञासेपोटी पूर्वकथा रचली जाण्याची रीत चित्रपटांनी काढलेली नव्हे. भागवतपुराण त्याच्याही मागे जाऊन रावण आणि कुंभकर्ण यांना वैकुंठाचे शापित द्वारपाल जय आणि विजय ठरवते. मात्र या कथांनी रावणाचे भय कमी केले की त्याच्याविषयी श्रोत्याचे दायित्व वाढवले, हे पाहिले पाहिजे. शत्रू हा देवाच्याच दारातून आलेला आहे, असे सांगणारी कथा शत्रूचे कारण फारसे उलगडत नाही. ती ऐकणाऱ्याला त्याचा नातलग करून सोडते.

कोल्हासुराच्या कथेत हीच गोष्ट अधिक जवळून दिसते. करवीरमाहात्म्य या स्थलपुराणाशी, म्हणजे क्षेत्राची महती सांगणाऱ्या ग्रंथाशी, आणि लोकपरंपरेशी निगडित असलेली ही कथा निरनिराळ्या पाठांत आढळते. प्रचलित पाठानुसार कोल्हासुराने देवीकडूनच शंभर वर्षांची मुभा मिळवली, त्या काळात करवीरात अनाचार माजवला, मुदत सरल्यावर महालक्ष्मीने त्याचा वध केला आणि मरताना त्याने या नगरीला आपले नाव मिळावे असे मागून घेतले. पुढे त्याचा पुत्र कामाक्ष याने योगदंडाच्या बळावर देवांची मेंढरे करून टाकली, त्र्यंबोलीने त्यांना सोडवले, आणि विजयाच्या सोहळ्यात तिलाच बोलवायचे राहून गेल्यामुळे ती रुसून नगराबाहेरच्या टेकडीवर जाऊन बसली. तिची समजूत घालायला महालक्ष्मी स्वतः गेली, आणि असुराचा वध कसा केला हे कोहळा फोडून तिला दाखवले, असे सांगतात. त्याची आठवण म्हणून नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची, म्हणजे महालक्ष्मीची, पालखी टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोलीच्या, टेकडीवर जाते, तेथे एका कुमारिकेच्या हातून कोहळ्याचा विधी होतो, आणि कोहळा फुटताच त्याचा तुकडा हाती लागावा म्हणून भाविकांची एकच झुंबड उडते.

या विधीचा अर्थ लावताना दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. कथेत असुराला कूळ आहे, मुदत आहे, पुत्र आहे, परंतु तो दुष्ट का झाला याचा खुलासा तिचे प्रयोजनच नाही; त्याला मोकळीक कोणी दिली, ती किती काळाची होती आणि तो मेल्यावर त्याचे काय राखले गेले, एवढेच ती सांगते. शिवाय ज्या असुराला मारले त्याच्या प्रतीकाचा तुकडा लोक घरी नेतात आणि त्याचे नाव रोजच्या पत्त्यात लिहितात. येथे पूर्वकथेने भयाला स्थळकाळ दिला, तरी ते पातळ झाले नाही, कारण तिने त्या भयाला भूतकाळात बंद न करता दरवर्षीच्या कृतीत आणून ठेवले. अभिनवगुप्ताच्या उपपत्तीत ज्या धोक्याची चाहूल लागते तो सर्वच पूर्वकथांना लागू नाही, हे यावरून दिसते; दुष्टतेचे कारण सांगणारी पूर्वकथा आणि दुष्टतेशी गाठ पडल्यावर कोण कसे वागले हे सांगणारी पूर्वकथा यांत मूलभूत भेद आहे, आणि भयाचा रस शाबूत राहतो तो दुसरीत.

चाहत्यांची आणखी एक शंका असते की शेवट आधीच ठाऊक असल्याने पूर्वकथेत थरार उरत नाही. कोल्हापूरच्या प्रेक्षकाने तरी ही शंका घेऊ नये. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' (1920) हा चित्रपट महाभारतातील ज्या प्रसंगावर बेतला होता त्याचा शेवट घराघरात ठाऊक होता, आणि तरीही भीमाने केलेल्या कीचकवधाचे दृश्य इतके जिवंत वठले की सेन्सॉरने ते काढायला लावले. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (1967) आणि कोवाडच्या रणजित देसाईंची 'राधेय' या दोन्ही कादंबऱ्यांत कर्णाच्या रथाचे रुतणारे चाक पहिल्या पानापासून वाचकाच्या डोळ्यांपुढे असते. कर्मविचारात ज्याला प्रारब्ध म्हणतात, म्हणजे फळ द्यायला सुरुवात झालेले आणि आता न टळणारे कर्म, त्याचा अनुभव वाचकाला अशा कथांतून येतो. काय होणार याची उत्कंठा गेल्यावर, जे होणारच आहे त्याला सामोरा जाणारा माणूस कसा उभा राहतो हेच पाहायचे उरते.

'द थिंग' या 2011 सालच्या पूर्वकथापटाचा विचार याच दृष्टीने करावा लागतो. जॉन कार्पेंटर यांच्या 1982 सालच्या मूळ चित्रपटात अमेरिकी संशोधकांना अंटार्क्टिकावरील नॉर्वेजियन तळाचे जळके अवशेष दिसतात: दारात रुतलेली कुऱ्हाड, खुर्चीतच गोठलेले प्रेत, पोकळ झालेली बर्फाची लादी. पूर्वकथापटाने परग्रहावरून आलेल्या त्या जीवाचे मूळ शोधण्याचा हव्यास धरला नाही. तो एक तळ मागे गेला आणि त्या प्रत्येक खुणेपर्यंत माणसे कशी पोचली ते दाखवू लागला. निवड योग्य होती. चित्रपट फसला तो अन्य कारणांनी: प्रत्यक्ष घडवलेल्या राक्षसी आकृतींवर नंतर बहुतेक ठिकाणी संगणकी चित्रांचे आवरण चढवले गेले, आणि सोबतचा माणूस माणूसच आहे की नाही या संशयाने मूळ चित्रपटात जी शांत दहशत होती तिच्या जागी पळापळ आली. चाहत्यांनी दोष दिला तो रास्तच होता, मात्र त्या दोषापायी पूर्वकथेचा हा प्रकारच टाकाऊ ठरवणे योग्य नव्हते.

मराठी मुलखाला सर्वांत जवळचे उदाहरण विज्ञानपटाचे नाही. राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट 12 ऑक्टोबर 2018 रोजी प्रदर्शित झाला, 13 सप्टेंबर 2024 रोजी पुन्हा पडद्यावर आला तेव्हा पहिल्यापेक्षा मोठी गर्दी खेचून गेला, आणि त्याच सुमारास पुढच्या भागाची घोषणा झाली, ज्यात आपण नसल्याचे बर्वे यांनी स्वतः जाहीर केले. मूळ दिग्दर्शकाविना ती सृष्टी टिकेल काय ही चाहत्यांची काळजी स्वाभाविकच आहे. परंतु तिच्याहून खोल काळजी हस्तराविषयी असायला हवी. समृद्धीच्या देवीचा हा पहिला पुत्र, त्याची सोन्याची आणि धान्याची हाव, आणि त्याला कोणीही पुजू नये या अटीवर मिळालेले अभय, एवढी पूर्वकथा चित्रपटाने आरंभीच थोडक्यात आटोपली आहे, आणि ती तेवढीच असणे हे त्याच्या रचनेतील शहाणपण आहे. चित्रपटाचे खरे भय विनायक रावाच्या पावलांत आहे: पावसात भिजलेल्या वाड्यात उतरून दर खेपेला थोडी नाणी आणणाऱ्या आणि अखेर मुलालाही तीच वाट शिकवणाऱ्या बापाच्या पावलांत. कथाकारांनी पुन्हा मागे जायचे ठरवलेच, तर हस्तराच्या जन्माआधीचा देवलोक दाखवण्यात काही हाशील नाही. त्या वाड्याचा दरवाजा पहिल्यांदा उघडणारा माणूस कोण होता, आत काय आहे हे त्याला किती ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही त्याने घरी येऊन बायकोला काय सांगितले, हे दाखवण्यासारखे आहे.