कारण विचारण्याचा हक्क

१७ ऑक्टोबर २००१ रोजी यासिन अब्दुल्ला कादी या सौदी उद्योजकाचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या एका यादीत आलं. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते. ही यादी परिषदेच्या १९९९ च्या १२६७ क्रमांकाच्या ठरावातून निघालेली. तालिबान, ओसामा बिन लादेन आणि अल कायदा यांच्याशी संबंध असलेल्यांची नावं तिच्यात असत. नाव आलं की जगातल्या प्रत्येक देशाने त्या माणसाचा पैसा गोठवायचा, असं बंधन. दोनच दिवसांत युरोपीय संघाने आपल्या नियमात ते नाव घातलं आणि कादींची युरोपातली मालमत्ता अडकली. ही कारवाई कोणत्याही खटल्याच्या निकालावर उभी नव्हती आणि पुरावा काय, हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. यादीतून बाहेर पडायचं तर तेव्हा स्वतः अर्ज करण्याची सोय नव्हती. आपल्या देशाच्या सरकारने रदबदली केली तरच काही होणार.

अशा माणसाने कोणाच्या दारात जायचं? सुरक्षा परिषदेला कोर्टात खेचता येत नाही. तिच्या निर्णयांविरुद्ध व्यक्तीला दाद मागता येईल असं न्यायालय संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने निर्माणच केलेलं नाही. हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय देशादेशांमधले तंटे ऐकतं, माणसांचे नाही. म्हणून कादींच्या वकिलांनी लक्झेंबर्गला, युरोपीय संघाच्या न्यायालयात धाव घेतली आणि आव्हान दिलं ते युरोपीय नियमाला. संघाच्या खालच्या न्यायालयाने सप्टेंबर २००५ मध्ये दावा फेटाळला. त्याचं म्हणणं असं: हा नियम म्हणजे परिषदेच्या ठरावाची जशीच्या तशी अंमलबजावणी आहे, तो तपासणं म्हणजे आडवळणाने परिषदेलाच तपासणं, आणि सनदेच्या १०३ व्या कलमाप्रमाणे सनदेखालची बंधनं बाकी सगळ्या करारांच्या वर आहेत. तर्क म्हणून हे भक्कम होतं. पण त्याचा परिणाम काय होत होता? देशाचं सरकार म्हणणार, आम्ही युरोपीय नियम पाळतो. युरोपीय संघ म्हणणार, आम्ही परिषदेचा हुकूम पाळतो. आणि परिषदेचं दार बंद. निर्णय सगळ्यांचा होता आणि त्याचं उत्तर द्यायला कुणीच बांधील नव्हतं.

३ सप्टेंबर २००८ रोजी वरच्या न्यायालयाने हा निकाल फिरवला. न्यायाधीश म्हणाले की सुरक्षा परिषदेचा ठराव आम्ही तपासत नाही. पण त्याच्या अंमलबजावणीसाठी युरोपीय संघाने केलेला नियम हा आमच्या कायद्याचा भाग आहे, आणि आमच्या कायद्यात मूलभूत हक्कांतून कुणाची सुटका नाही. कादींना कारणं कळवली गेली नव्हती, बाजू मांडू दिली नव्हती, म्हणून त्यांच्यापुरता तो नियम रद्द. मात्र पैसा रातोरात पसार होऊ नये म्हणून चूक दुरुस्त करायला तीन महिने दिले. स्वीडनमधल्या अल बरकात या संस्थेलाही याच निकालाने दिलासा मिळाला.

‘ठराव तपासत नाही, फक्त आपला नियम तपासतो’ ही कायद्याची एक कल्पित सोय आहे, हे उघड आहे. युरोपातल्या सत्तावीस देशांत नियम उरला नाही तर तिथे ठराव कागदावरच राहतो. अनेक आंतरराष्ट्रीय कायदेतज्ज्ञांनी या निकालावर टीका केली ती याच मुद्द्यावर: एका प्रादेशिक न्यायालयाने स्वतःला जागतिक व्यवस्थेच्या वर बसवलं. मला ही टीका समजते, पटत मात्र नाही. वरच्या संस्थेने आपल्याकडे सुनावणीची सोय केली असती तर खालच्या न्यायालयाला हात घालायचं कारणच नव्हतं. ज्याच्यावर कारवाई झाली त्याला ‘का?’ असं विचारता आलं पाहिजे, ही नैसर्गिक न्यायाची पहिली अट आहे. निर्णय मंत्रालयात झाला की न्यूयॉर्कमध्ये, याने ती अट बदलत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत ज्या कलमाला राज्यघटनेचा आत्मा म्हटलं ते कलम कोणत्याही एका हक्काचं नव्हतं. हक्क मोडला तर न्यायालयात जाण्याचं ते कलम होतं, आजचं ३२ वं. आपण त्या विचारात वाढलो आहोत. सत्ता देशाच्या सीमेबाहेर गेली म्हणून तो विचार सीमेवर सोडून द्यायचा नसतो.

पुढची हकिकत अधिक बोलकी आहे. निकालानंतर युरोपीय आयोगाने कादींना आरोपांचा त्रोटक गोषवारा पाठवला आणि नोव्हेंबर २००८ मध्ये त्यांचं नाव पुन्हा यादीत ठेवलं. ते पुन्हा न्यायालयात गेले, २०१० मध्ये पुन्हा जिंकले. आयोग, मंत्री परिषद आणि ब्रिटन अपिलात गेले. १८ जुलै २०१३ च्या अंतिम निकालात न्यायालयाने सांगितलं की यादीतलं नाव टिकवायला सगळी कारणं सिद्ध व्हायची गरज नाही, एकही पुरेसं आहे. पण ते एक तरी पुराव्यावर उभं असलं पाहिजे. माहिती गोपनीय असेल तर ती न्यायाधीशांना दाखवण्याची पद्धत शोधता येईल, पण ‘वरून आलं आहे’ एवढं सांगून चालणार नाही. आयोगाकडे पुरावा नव्हता. सुरक्षा परिषदेने त्याला तो दिलाच नव्हता. नाव पुन्हा रद्द झालं. तोवर परिषदेच्या समितीने स्वतःच ऑक्टोबर २०१२ मध्ये कादींना यादीतून काढलेलं होतं. अकरा वर्षं गेली होती.

दरम्यान न्यूयॉर्कमध्येही हालचाल झाली. डिसेंबर २००९ मध्ये परिषदेने या यादीसाठी लोकपालाचं पद निर्माण केलं आणि जून २०१० मध्ये तिथे कॅनडाच्या न्यायाधीश किंबर्ली प्रोस्ट यांची नेमणूक झाली. आता यादीतला माणूस स्वतः लोकपालाकडे अर्ज करू शकत होता, लोकपाल त्याला भेटत होत्या, त्याचं म्हणणं समितीपुढे मांडत होत्या. २०११ पासून तर नाव काढण्याच्या त्यांच्या शिफारशीला इतकं वजन आलं, की ती फेटाळायची असेल तर समितीतल्या सगळ्या देशांनी एकमताने तसं ठरवावं, नाहीतर कुणीतरी विषय थेट परिषदेपुढे न्यावा. हे न्यायालय नव्हे. पण कादी निकालाचा धाक नसता तर एवढंही झालं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. याच प्रोस्ट पुढे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात न्यायाधीश झाल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने न्यायालयीन कामाबद्दल त्यांनाच आपल्या निर्बंधांच्या यादीत घातलं. यादी करणाऱ्या सत्तेला लगाम नसला की ती कुठवर जाते, ते इथे दिसतं.

आता मुंबईच्या वाचकाच्या मनात येणारा आक्षेप. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसं मारली गेली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, १० डिसेंबरला, लष्कर-ए-तय्यबाचा संस्थापक हाफिज सईद याचं नाव सुरक्षा परिषदेच्या यादीत आलं. ही तीच १२६७ ची यादी. त्याच महिन्यात आपल्या संसदेने बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात ५१-अ हे कलम घातलं, आणि परिषदेच्या यादीतल्यांचा पैसा भारतात गोठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. मग न्यायालयांनी या यादीला खिंडार पाडावं, असं आपण कशासाठी म्हणायचं?

आक्षेप गंभीर आहे आणि त्याला बगल देणं बरोबर नाही. पण याच यादीचा दुसरा अनुभवही आपलाच आहे. जैश-ए-महंमदचा म्होरक्या मसूद अझहर याचं नाव घालावं म्हणून भारताने २००९ पासून प्रयत्न केले. समितीत पंधरा देश आणि निर्णय एकमताने. २०१६ मध्ये, २०१७ मध्ये आणि पुलवामाच्या हल्ल्यानंतर मार्च २०१९ मध्येही चीनने ‘तांत्रिक’ म्हणत प्रस्ताव अडवून धरला. कशासाठी, याचं सविस्तर लेखी उत्तर द्यायला तो कुणाला बांधील नव्हता. १ मे २०१९ ला अखेर नाव आलं. बंद दाराआड कारणं न देता नाव घालता येतं, तसंच कारणं न देता ते अडवताही येतं. कादींना आपण आत का हे कळत नव्हतं आणि पठाणकोट-पुलवामाच्या हल्ल्यांत मारल्या गेलेल्या जवानांच्या घरच्यांना अझहर बाहेर का हे कळत नव्हतं. दोन्हींच्या मुळाशी एकच दोष आहे. पुराव्यावर बोलायला लावणारी व्यवस्था असेल तर ती निरपराध माणसाला सोडवते आणि ज्याच्याविरुद्ध पुरावा आहे त्याला राजकीय सोयीने वाचू देत नाही. न्यायालयीन पुनर्विलोकनाची मागणी ही दहशतवाद्यांवर दया म्हणून केलेली मागणी आहे, असं समजणाऱ्यांनी मसूद अझहरच्या प्रस्तावाची दहा वर्षं आठवावीत.

तरीही एक प्रश्न उरतोच, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो: तपासायचं कुणी? युरोपीय न्यायालयाने १९८६ मध्ये फ्रान्सच्या ग्रीन पक्षाच्या दाव्यात सांगितलं होतं की आमचा समुदाय कायद्याच्या राज्यावर उभा आहे आणि त्यातली कोणतीही संस्था तपासणीबाहेर नाही. करारात युरोपीय संसदेचं नाव नव्हतं, तरी तिचे निर्णय तपासणीखाली आणले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या निकालात त्याने सांगितलं की ही तपासणी फक्त आम्ही करू, एखाद्या देशाच्या न्यायालयाला युरोपीय नियम अवैध ठरवता येणार नाही, शंका आली तर प्रश्न आमच्याकडे पाठवावा. यात तथ्य आहे. प्रत्येक देशाने आपापला निकाल लावला तर एकच कायदा सत्तावीस तुकड्यांत फुटेल.

पण मक्तेदारी मागणाऱ्याने दार उघडं ठेवायला हवं, आणि लक्झेंबर्गचं दार सामान्य माणसासाठी फार अरुंद आहे. १९६२ मध्ये हॅम्बुर्गच्या एका फळ आयातदाराने, प्लाउमान कंपनीने, संत्र्याच्या जातीच्या क्लेमेंटाइन फळांवरच्या आयात शुल्काबद्दल दावा केला. न्यायालयाने ऐकूनच घेतला नाही. कारण क्लेमेंटाइनची आयात उद्या कुणीही करू शकतो, त्यामुळे या निर्णयाची झळ तुम्हाला ‘व्यक्तिशः’ लागत नाही. ही कसोटी आजही मुळात तीच आहे. म्हणजे झळ जितक्या जास्त लोकांना, तितका एकेकाचा दाद मागण्याचा हक्क कमी. २००९ मध्ये लागू झालेल्या लिस्बन करारानंतर ती थोडी सैल झाली, एवढंच. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये एस. पी. गुप्ता प्रकरणात जनहितासाठी कुणाही प्रामाणिक नागरिकाला याचिकेची वाट मोकळी केली, त्याच्या हे अगदी उलट आहे. जनहित याचिकांचा आपल्याकडे गैरवापर झाला, तरी दोन्हींतून निवडायचं तर मी आपली चूक पत्करीन.

दार अरुंद असलं की लोक आपल्या देशाच्या न्यायालयाकडे वळतात. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९७४ मध्येच बजावलं होतं की युरोपीय पातळीवर मूलभूत हक्कांची आमच्याइतकी हमी मिळत नाही तोपर्यंत आम्ही तपासत राहू. आदल्याच वर्षी आपल्याकडे केशवानंद भारती निकालाने घटनेच्या मूलभूत चौकटीला संसदेच्या हातून वाचवलं होतं, आणि त्या विचाराच्या वाटेवर डिट्रिश कॉनराड या जर्मन अभ्यासकाने १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात दिलेलं व्याख्यान आहे. हिटलरचा अनुभव घेतलेल्या देशाचं ते शहाणपण होतं. १९८६ मध्ये जर्मन न्यायालयाने समाधान झाल्याचं सांगून हात मागे घेतला. पण ५ मे २०२० रोजी त्याने युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखे खरेदीबाबत थेट लक्झेंबर्गचा निकालच अधिकारकक्षेबाहेरचा ठरवला. बँकेने आपल्या निर्णयाचे बरेवाईट परिणाम तोलले का, ते दाखवा, एवढीच त्याची मूळ मागणी होती, आणि ती रास्त होती. कागदपत्रं दिली गेली, वाद मिटला. पण मार्ग चुकला. ऑक्टोबर २०२१ मध्ये पोलंडच्या घटना न्यायाधिकरणाने युरोपीय करारातल्या काही तरतुदीच घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा त्या न्यायाधिकरणाच्या स्वातंत्र्याबद्दलच शंका घेतली जात होती. वरच्याला कारण मागण्यासाठी अडवणं वेगळं आणि त्याची तपासणीच नको म्हणून त्याला झुगारणं वेगळं. कादी निकाल आणि पोलंडचा निकाल एकाच मापाने मोजणाऱ्यांशी मी सहमत नाही.

जिथे लक्झेंबर्गसारखं कोणतंच न्यायालय नाही तिथली स्थिती कच्छमधल्या मुंद्र्याच्या मच्छीमारांनी पाहिली. तिथल्या कोळशाच्या वीजप्रकल्पाला जागतिक बँक समूहातल्या इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनने ४५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं. पर्यावरणाच्या अटी पाळल्या जातात की नाही हे महामंडळाने नीट पाहिलं नाही, असं त्याच्याच अंतर्गत तक्रार निवारण कार्यालयाने नोंदवलं. मच्छीमार अमेरिकेत न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मताने सांगितलं की अशा आंतरराष्ट्रीय संस्थांना संपूर्ण अभय नाही. बातम्या झाल्या, आशा वाढली. पुढे खालच्या न्यायालयाने ठरवलं की तक्रारीचा गाभा भारतात घडला आहे, म्हणून अभय कायम. अपीलही फेटाळलं गेलं. अभय संपूर्ण नाही हे ठरवणारा निकाल मच्छीमारांनी मिळवला आणि त्यांच्या नुकसानीची सुनावणी कुठेच झाली नाही.

संयुक्त राष्ट्रांचा लोकपाल आजही फक्त एकाच यादीसाठी आहे, अल कायदा आणि इस्लामिक स्टेटच्या. परिषदेच्या बाकीच्या निर्बंध याद्यांतल्या माणसाला अर्ज स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या एका संपर्क कार्यालयाखेरीज काही नाही. २०२४ मध्ये त्याचे अधिकार थोडे वाढवले, तरी ते लोकपाल झालेलं नाही. सुरक्षा परिषदेत कायमची जागा मागणाऱ्या भारताने ही मागणीही तितक्याच जोराने करावी: प्रत्येक यादीला स्वतंत्र लोकपाल असावा, नाव घालताना पुराव्यासह लेखी कारण असावं, आणि नाव अडवणाऱ्या देशानेही लेखी कारण द्यावं.