फोटो वाटावा की उधळावा?

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कपाटाच्या खालच्या खणात एक जाडजूड आल्बम असतो. लग्नाचा, बाप्तिस्म्याचा, घराच्या आशीर्वादाचा. पूर्वी पाहुणे आले, जेवणे झाली, की आई तो आल्बम काढून पाहुण्यांच्या मांडीवर ठेवायची आणि शेजारी बसून एकेक पान उलटायची. हा कोण, ती कोण, हा आता मस्कतला असतो, ही आता आपल्यात नाही. रोलमध्ये फोटो 36, त्यामुळे प्रत्येक फोटो जपून काढला जायचा. कोणाला प्रत हवी असेल तर निगेटिव्ह घेऊन स्टुडिओत जायचे, पैसे भरायचे, चार दिवसांनी पाकीट आणायचे आणि ज्याचे त्याला नेऊन द्यायचे. फोटो देणे म्हणजे कोणाच्या तरी हातात देणे होते.

आज मिस्सा संपून लोक चर्चच्या आवारात येईपर्यंत वेदीवरचे फोटो दुबईला पोहोचलेले असतात. छपाई नाही, खर्च नाही, वाट पाहणे नाही. याबद्दल नाक मुरडण्याचे आम्हाला काही कारण दिसत नाही. परदेशात राबणाऱ्या मुलाला आपल्या पुतणीचा बाप्तिस्मा त्याच दिवशी पाहता येतो, ही लहान गोष्ट नव्हे.

मुळात हे तंत्र जन्माला आले तेच अशा एका घरगुती आनंदातून. 11 जून 1997 रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे फिलिप कान नावाचे तंत्रज्ञ आपल्या पत्नीच्या बाळंतपणासाठी प्रसूतिगृहात बसले होते. वेळ जाता जाईना, म्हणून त्यांनी डिजिटल कॅमेरा, मोबाईल आणि लॅपटॉप एकमेकांना जोडले. मुलगी जन्मली, तिचा फोटो काढला आणि तो तिथूनच दोन हजारांहून अधिक नातलग, मित्र व परिचितांपर्यंत पोहोचवला. मोबाईलवरून फोटो लगोलग सर्वांना पाठवण्याची सुरुवात या घटनेपासून सांगितली जाते. एका बापाला झालेला आनंद त्याच्या छातीत मावेना, एवढीच ती गोष्ट. आनंद वाटावासा वाटणे यात दोष कसला?

तरीही या सोयीने आपल्यापुढे एक प्रश्न ठेवला आहे, आणि तो आम्हाला आमच्याच दोन चुकांमधून कळला. त्या आज मोकळेपणाने सांगतो.

धर्मग्रामातील कार्यक्रमांचे फोटो आम्ही काही जण हौसेने काढतो. काही वर्षांपूर्वी मुलांच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा सोहळा झाला. आम्ही चारशेच्या वर फोटो काढले आणि संध्याकाळी सगळेच्या सगळे व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकून दिले. लोकांनी अंगठे दाखवले, फुले पाठवली. आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी एका आईचा फोन आला. “माझ्या मुलीचे फोटो काढून टाकाल का?” आम्ही म्हणालो, “का हो ताई? छान आलेत की!” पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, “कारण सांगायलाच हवे का?”

खरे सांगायचे तर आम्हाला राग आला. दिवसभर उन्हात उभे राहून, एक पैसा न घेता फोटो काढायचे आणि वर हे ऐकून घ्यायचे! फोटो ग्रुपवरून काढले. पण तोवर त्यातला एक कोणाच्या तरी स्टेटसवर चढला होता, दुसरा कोणाच्या माहेरच्या ग्रुपवर गेला होता. आम्ही माफी मागू शकलो, फोटो परत आणू शकलो नाही.

दुसरी चूक अधिक जिव्हारी लागणारी आहे. विवाहाची पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या जोडप्यांसाठी एकदा खास मिस्सा झाली. त्याचेही फोटो आम्ही तत्परतेने ग्रुपवर टाकले. पुढे काही महिन्यांनी त्यांच्यातल्या एक आजी चर्चच्या पायऱ्यांवर भेटल्या. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. मुले दूर. म्हणाल्या, “बाळांनो, आमचा फोटो काढला होता ना? आम्हाला काही मिळाला नाही. हे जाईपर्यंत विचारत होते, फोटो आले का म्हणून.” आजोबा त्या पावसाळ्यात वारले होते. दोघांचा एकत्र असा तो शेवटचा फोटो. अडीचशे लोकांच्या फोनमध्ये तो होता. ज्यांचा होता त्यांच्याकडे मात्र नव्हता.

एकीचा फोटो नको तिथे गेला, दुसरीचा हवा तिथे गेला नाही. दिसायला या चुका एकमेकींच्या उलट आहेत, पण मूळ एकच. दोन्ही वेळा ‘हा फोटो आपण कोणाला देतो आहोत?’ हा प्रश्न आमच्या मनात आलाच नाही. आम्ही फोटो वाटले नव्हते, उधळले होते. वाटणाऱ्याला समोरच्याचा चेहरा दिसतो. उधळणाऱ्याला फक्त आपला हात मोकळा झाल्याचे समाधान मिळते.

इथे कोणी म्हणेल, फोटो ज्याने काढला त्याचा. त्याने तो कुणालाही द्यावा. कायदा काय म्हणतो? 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा पहिला मालक सर्वसाधारणपणे फोटो काढणारा असतो. मात्र कोणी पैसे देऊन फोटो काढवून घेतला असेल, आणि वेगळा करार झालेला नसेल, तर पैसे देणारा पहिला मालक ठरतो. म्हणजे लग्नात नवरानवरीच्या घरच्यांनी बोलावलेल्या फोटोग्राफरपेक्षा त्या घरच्यांचा हक्क मोठा. पण नीट पाहिले तर हा सगळा हिशेब प्रत कोणी काढावी, कोणी विकावी याचा आहे. फोटोत ज्याचा चेहरा आहे त्याचे काय, याचे उत्तर त्यात नाही.

तो चेहराही दुर्लक्षित राहिलेला नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की, खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे. 2023 साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याच्या माहितीसाठी आईवडिलांची संमती सांगितली आहे. पण एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला तो कायदा लागू होत नाही. म्हणजे आपल्या घरातले, नात्यातले, मैत्रीतले फोटो कायद्याने आपल्या सद्सद्विवेकावरच सोडले आहेत. जिथे शिक्षेची भीती नाही तिथे आपण कसे वागतो, यावरच आपली परीक्षा होते.

मग काय, फोटोतल्या पन्नास जणांची परवानगी घेत दारोदार फिरायचे? हा आक्षेप रास्त आहे. सणाच्या मिरवणुकीचा फोटो आणि एका रडणाऱ्या मुलाचा जवळून घेतलेला फोटो यांना एकच माप लावता येणार नाही. मिरवणुकीत माणूस चारचौघांत असतो, हे त्यालाही ठाऊक असते. चेहरा जितका जवळचा, क्षण जितका नाजूक आणि फोटोतला माणूस जितका असहाय, तितकी आपली जबाबदारी वाढते. आणि कोणी ‘नको’ म्हटले तर त्या ‘नको’ला कारणाची चिठ्ठी जोडण्याची गरज नाही. घरात चाललेला एखादा वाद असेल, कोणाची नजर चुकवून जगणे असेल, किंवा नुसता संकोच असेल. आपल्याला सांगितले नाही म्हणजे कारण नाही, असे होत नाही.

दुःखाच्या प्रसंगाचेच पाहा. वडील गेले आणि मुलाला आखातातून रजा मिळत नाही. अशा वेळी कोणीतरी शवपेटीजवळ उभे राहून त्याला व्हिडिओ कॉलवर बापाचे शेवटचे दर्शन घडवतो. ही दयेची कृती आहे, तिला कोणी नावे ठेवू नयेत. पण तोच चेहरा तासाभरात कोणाच्या तरी स्टेटसवर दिसतो, त्याच्या अलीकडे वाढदिवसाचा केक, पलीकडे विनोद. फोन तोच, फोटो तोच. फक्त पाहणारे बदलले, आणि दर्शनाचे प्रदर्शन झाले.

दानाचेही तसेच. 2020 च्या टाळेबंदीत ठिकठिकाणी धान्याची पाकिटे वाटली गेली, आणि पाकीट घेणाऱ्याला कॅमेऱ्याकडे बघायला लावले गेले. देणगीदारांना हिशेब हवा हे मान्य. पण हिशेबासाठी पाकिटांचा फोटो पुरतो. घेणाऱ्याचा चेहरा त्यात कशाला?

आता सोयीकडे वळू, कारण सोय नाकारून प्रश्न सुटत नाही. फोटो न छापता देण्याचे मार्ग अनेक आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो झटकन पोहोचतो, पण त्याचा आकार कमी होतो आणि त्याच्या प्रती अनेक फोनमध्ये उतरतात. ‘सर्वांसाठी डिलीट’ केले तरी ज्याने आधीच पुढे पाठवला त्याच्याकडून तो परत येत नाही. मूळ स्पष्टता राहावी म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवता येतो. मात्र फोनमध्ये ठिकाणाची नोंद चालू असेल तर फोटो कुठे काढला हेही त्याच्यासोबत जाऊ शकते. घरी काढलेल्या मुलांच्या फोटोंबाबत हे लक्षात ठेवावे. गूगल फोटोजवर सामायिक आल्बम करता येतो. फोटो एका जागी राहतात, नको असलेला नंतर काढता येतो. पण आल्बमची लिंक चालू असेल तर ती हाती लागलेला कोणीही तो उघडू शकतो. त्यापेक्षा लिंक बंद ठेवून नेमक्या माणसांना आमंत्रण देण्याची सोय तिथेच आहे, तिचा उपयोग करावा. या खात्यात फुकट जागा 15 जीबी असते आणि 1 जून 2021 पासून नवे सर्वच फोटो त्यात मोजले जातात. म्हणून चारशे फोटोंतून चांगले चाळीस निवडणे हे शहाणपणाचेही आणि सौजन्याचेही. माणूस समोरच बसला असेल तर क्विक शेअर किंवा एअरड्रॉपने फोनवरून फोनवर फोटो द्यावा. तो फक्त त्यालाच मिळतो. आणि ज्यांच्याकडे यातले काहीच नाही त्यांच्यासाठी पेनड्राइव्ह आहे. तो टीव्हीला लावला की घरातील सर्वांना एकत्र बसून फोटो पाहता येतात.

यांतला कोणता मार्ग निवडावा? आम्ही आता स्वतःला तीन प्रश्न विचारतो. फोटोत कोण आहे आणि त्याला हे चालेल का? ज्याला पाठवतो आहोत त्याचा या फोटोशी काय संबंध? आणि फोटोतल्या कोणाला तो अजून मिळालेला नाही, असे तर नाही ना? पहिले दोन प्रश्न हात आवरायला लावतात, तिसरा हात पुढे करायला लावतो. तिन्ही मिळून फार तर दोन मिनिटे जातात. पूर्वी स्टुडिओत चार दिवस जायचे.

तरुणांना एक विनंती. आपल्या वाडीत, आळीत, इमारतीत ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही अशा एखाद्या घराची जबाबदारी घ्या. सोहळा झाला की आठवडाभरात त्या घरी जा आणि त्यांचे फोटो त्यांना दाखवा. आणि पालकहो, कोणत्याही कार्यक्रमाआधी मुलांचे फोटो नको असतील तर निःसंकोच सांगा. कोणी कारण विचारणार नाही.

त्या आजींकडे आम्ही पुढच्याच रविवारी गेलो. फोटो शोधायला अर्धे मिनिट लागले होते. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. आजी खुर्ची ओढून अगदी पडद्याजवळ जाऊन बसल्या. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग आम्हाला एकेक दाखवू लागल्या: हा सदरा त्यांनी मुद्दाम शिवून घेतला होता, ही माझी जाऊ, हा मागे उभा आहे तो आमचा व्याही. पूर्वी आई आल्बम दाखवायची, अगदी तसेच. निघताना छापील प्रत आणून देण्याचे आम्ही कबूल केले आणि नंतर दिलीही.

पण तो फोटो पाहायला त्यांच्या शेजारी आणखी एक माणूस असायला हवा होता. ती वेळ आम्ही घालवली. तुमच्या फोनमध्ये कोणाचा तरी असा फोटो पडून असेल, तर आज घरी गेल्यावर एवढे करा: शोधा आणि ज्याचा त्याला द्या.