मधल्या वेळेचा साक्षी

शरीर वस्त्रासारखे असून ते जीर्ण झाले की देही दुसरे धारण करतो, हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील दृष्टांत आपल्या कानांना इतका सरावाचा झाला आहे की मृताच्या घरी गेलेला मनुष्य तो बिनदिक्कत उच्चारतो आणि ऐकणाराही निमूटपणे मान हलवतो. परंतु ज्या गृहीतावर तो उभा आहे त्याची कैफियत सहसा कोणी मागत नाही. जुने वस्त्र उतरले आहे आणि नवे अजून अंगावर आलेले नाही, अशा मधल्या वेळीही वस्त्र बदलणारा कोणी एक तेथे असतो, हे ते गृहीत होय. सुटे भाग आणून घरी जुळवलेला संगणक जुन्या कॅबिनेटमधून काढून नव्यात बसवण्याचे काम मी हाती घेतले, तेव्हा हे गृहीत असे काही उघड्यावर आले की त्याचा विचार टाळणे मला शक्य राहिले नाही.

या कामाचा पुष्कळसा भाग केवळ हातांचा आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या एटीएक्स मापाच्या कॅबिनेटमध्ये आपला त्याच मापाचा मदरबोर्ड बसणार याची खातरजमा असते, कारण इंटेलने १९९५ साली हे मानक मुक्रर केले, त्याने फलकाचे ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर हे माप आणि स्क्रूच्या छिद्रांच्या जागा ठरवून दिल्या, आणि उत्पादकांची वहिवाट आजही त्यावरच चालते. एसएमपीएसकडून येणारी चोवीस पिनांची जाड केबल खटका दाबून उपसावी, प्रोसेसरची आठ पिनांची केबल सोडवावी, ग्राफिक्स कार्ड खाचेतून अलगद वर घ्यावे आणि शेवटी पितळी स्टँडऑफवरून मदरबोर्ड उचलावा. नाजूक मामला असतो तो बाहेरच्या बटणाकडून आलेल्या बारीक तारांचा. ज्या बटणावर बोट ठेवून आपण यंत्राला जागे करतो ते मदरबोर्डावरच्या दोन पिनांना क्षणभर एकमेकींशी जोडते, याहून अधिक काहीच करत नाही. बटण नसले तर स्क्रूड्रायव्हरचे टोक त्या पिनांना टेकवले तरी यंत्र सुरू होते. इथपर्यंत वस्त्राची उपमा टिकते. पण कोंदट पेटीत तापलेला प्रोसेसर स्वसंरक्षणासाठी आपला वेग उतरवतो आणि वारा खेळता असलेल्या पेटीत तोच पूर्ण वेगाने चालू शकतो, हे ध्यानी घेतले म्हणजे पेटीला निव्वळ आच्छादन म्हणवत नाही. दिव्याचा प्रकाश खोलीच्या मानाने पसरतो वा आकसतो तसा जीव देहाएवढा होतो, हे जैन दार्शनिकांचे मत वस्त्राच्या दृष्टांतावर पोसलेल्या आपल्या मनाने फारसे मनावर घेतलेले नाही, याचे मला वाईट वाटते.

सर्व भाग टेबलावर वेगवेगळे मांडले गेले म्हणजे विचारावे, आता संगणक आहे की नाही? न्याय-वैशेषिकांचे उत्तर निःसंदिग्ध आहे: अवयवी हा अवयवांहून निराळा पदार्थ असून तो त्यांच्यात समवायाने राहतो, अवयवांचा संयोग तुटला की तो नाश पावतो, आणि पुन्हा जुळणी केल्यावर उत्पन्न होतो तो दुसरा. पटातला एक तंतू काढला तरी जुना पट गेला आणि खंडपट निर्माण झाला, इथवर त्यांची तर्कनिष्ठा जाते. रथाचे चाक, आस आणि जू यांतला रथ कोणता असे मिलिंद राजाला विचारणारा नागसेन तर मुळात अवयवीच मानत नाही. त्याच्या लेखी रथ हे व्यवहारापुरते नाव. ‘हा तोच’ अशी प्रत्यभिज्ञा होते, मग ऐक्य का मानू नये, असे मीमांसकाने म्हणावे, तर कापून पुन्हा वाढलेल्या केसांविषयी आणि नखांविषयीही तसे वाटतेच, असे बौद्धाने उत्तर द्यावे. सॉफ्टवेअरच्या व्यवहारात मात्र हा प्रश्न दप्तरी पद्धतीने निकालात निघाला आहे: विंडोजचा डिजिटल परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो, त्यामुळे पेटी बदलली तरी यंत्र तेच राहते आणि मदरबोर्ड बदलला तर परवाना नव्याने सिद्ध करून द्यावा लागू शकतो. दप्तराला एवढे पुरते.

मदरबोर्ड हातात घेऊन न्याहाळताना माझे लक्ष त्यावरच्या सीआर २०३२ या नाण्यासारख्या सेलकडे गेले: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, दाब ३ व्होल्ट. वीज तोडलेली, पंखे थांबलेले, रॅममधले सारे पुसले गेलेले, आणि तरीही या सेलच्या जोरावर एक इवलासा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ कंपने करीत काळ मोजतच होता. पुढे नव्या पेटीत यंत्र सुरू झाले तेव्हा त्याने तारीख आणि वेळ बरोबर दाखवली.

गाढ झोपेतून उठलेला मनुष्य आपण सुखाने झोपलो होतो आणि आपल्याला कशाचेच भान नव्हते असे सांगतो. हे सांगणे म्हणजे स्मरण होय, अनुभवावाचून स्मरण संभवत नाही, म्हणून सुषुप्तीतही साक्षी असलाच पाहिजे, असा अद्वैत्याचा युक्तिवाद आहे. नैयायिकही आत्मा मानतो, पण गाढ झोपेत त्याला ज्ञान नसते असे सांगून तो त्याच वाक्याला अनुमान ठरवतो: मध्ये काही जाणल्याची आठवण नाही, अंग हलके झाले आहे, यावरून काढलेला तो निष्कर्ष. आता संगणक जे करतो ते नैयायिकाच्या या वर्णनाबरहुकूम असते. तो घड्याळ वाचतो, डिस्कवरची शेवटची नोंद वाचतो, आणि मधल्या काळात आपण बंद होतो हे वजाबाकीने ठरवतो. त्या वजाबाकीला साक्षीची गरज लागत नाही. स्फटिक मोजत होता, जाणत नव्हता.

झोपेविषयीचे आपले ज्ञान याच जातीचे असते तर आपलेही साक्षीवाचून भागले असते, हे मी कबूल करतो. परंतु अंधाऱ्या खोलीत जाग आल्यावर किती वेळ गेला हे मला घड्याळाला विचारावे लागते. झोपला तो मीच होतो की दुसरा कोणी, याविषयी संशय येऊन मी पुरावा शोधू लागलो असे कधी घडत नाही. संगणकाचे अनुमान चुकतेही, कारण सेल संपला की तो कोणती तरी जुनीच तारीख आजची समजून बसतो. मीही झोपेच्या काळाविषयी चुकतो, झोपणाऱ्याविषयी चुकत नाही. हा भेद मला निर्णायक वाटतो, आणि म्हणून या वादात मी अद्वैत्याच्या बाजूला उभा राहतो.

तथापि गीतेच्या दृष्टांताचा विषय मरण आहे. झोपेत प्राण चालू असतो, शरीर आपल्या जागी असते आणि जागा झालेला मनुष्य स्वतःच आपली साक्ष देतो. दोन देहांच्या मधल्या वेळेबद्दल तशी साक्ष कोणाकडून नोंदवून घेता येत नाही. शंकराचार्य या बाबतीत आपल्याहून पुष्कळ सावध होते. दुसऱ्या देहाशी संबंध पावणारा आत्मा प्रत्यक्षाने कळत असता तर लोकायतिकांनी आणि बौद्धांनी त्याबद्दल वादच घातला नसता, असे बृहदारण्यकभाष्याच्या उपोद्घातात बजावून ते त्याचे ज्ञान आगमावर सोपवतात. मीही त्या मधल्या वेळेतला देही मानतो, आणि तो श्रुतीच्या आधारानेच मानतो. सुट्या केलेल्या यंत्रात मला त्याचा दाखला मिळाला, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.