शापाची स्तोत्रे व आपली प्रार्थना



स्तोत्रसंहिता वाचता वाचता आपण ५८ व्या किंवा १०९ व्या स्तोत्रापाशी आलो, म्हणजे जीभ अडखळते. शत्रूचे दात पाडावे, त्याची लेकरे पोरकी व्हावी, असे मागणे तेथे आढळते. जॉन वेस्ली ह्यांनी १७८४ साली अमेरिकेतील मेथडिस्ट लोकांकरिता उपासनेचे पुस्तक सिद्ध केले, तेव्हा ख्रिस्ती मंडळीच्या मुखी शोभत नाहीत म्हणून कित्येक स्तोत्रे गाळली. मग ती पवित्र शास्त्रात कशासाठी आहेत?

प्रथम, हे बोलणारे कोण ते पाहू. १३७ वे स्तोत्र बाबेलात बंदिवान झालेल्यांचे आहे. इ. स. पूर्व सहाव्या शतकात यरुशलेम जमीनदोस्त झाले, आणि शेजारच्या अदोमी लोकांनी त्या नाशाला चिथावणी दिली. त्या बंदिवानांच्या हाती ना तरवार, ना कोणी दाद घेणारा. त्यांनी आपला जळता अंतर्याम देवापुढे ओतला. देवाने ते शब्द जपून ठेविले. ह्यावरून गांजलेल्यांचा आक्रोश त्याला तुच्छ वाटत नाही, हे आपणांस कळते.

दुसरे असे की, ही मागणी देवाकडे आहे. मागणाऱ्याने आपला हात उगारलेला नाही. एन-गेदीच्या गुहेत शौल राजा दाविदाच्या तावडीत सापडला. दाविदाने त्याच्या वस्त्राचा काठ मात्र कापला आणि निवाडा परमेश्वरावर सोपविला. सूड घेणे हे प्रभूचे काम आहे, हेच पौल रोमकरांस शिकवितो.

तिसरे, आपण ही स्तोत्रे वधस्तंभाजवळ उभे राहून वाचतो. नियमशास्त्राचा शाप प्रभू येशूने आपणांवर घेतला, आणि मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली. शोमरोनी गावावर अग्नी पाडू पाहणाऱ्या याकोब व योहान ह्यांस त्याने धमकाविले. तथापि न्यायाची हाक त्याने बंद केली नाही. प्रकटीकरणात वेदीखालचे हुतात्मे अद्याप न्याय मागतच आहेत.

तर मग कोणी आपला बांध कोरला, खोट्या कागदावर आंगठा उठवून घेतला, किंवा पाणी बंद केले, तर आपण काय करावे? राग आलाच नाही असे सोंग देवापुढे करू नये. मनातले सारे त्याला सांगावे. न्यायासाठी सरकारदरबारी जाणे हे पाप नव्हे. पौलानेही कैसराकडे दाद मागितली. परंतु शत्रूचे नाव घेऊन १०९ वे स्तोत्र मंत्रासारखे जपणे, ही करणीच होय. करणी मागे टाकून आपण ख्रिस्ताकडे आलो. ती शास्त्राच्या पानांतून पुन्हा घरात आणू नये.

स्तेफनाला दगडमार होत असता मारणाऱ्यांची वस्त्रे एका तरुणाच्या पायांजवळ ठेविली होती. त्याचे नाव शौल. स्तेफनाने मरताना त्या सर्वांसाठी क्षमा मागितली. त्याने शाप मागितला असता आणि तो फळास आला असता, तर पुढे पौल कोठून मिळता? ज्याने आपले वाईट केले, त्याच्यामध्ये देव काय घडवू इच्छितो हे आपणांस ठाऊक नाही. म्हणून आपण अन्यायाचा नाश मागू, आणि अन्याय करणाऱ्याचे तारण मागू.